गॅरेजसाठी चार्जिंगची लाईट घेताय? खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा सगळ्यात शेवटी बघा



या आठवड्याचा व्हिडिओ गॅरेजवाल्यांसाठी होता. बॉनेट उघडून काम करताना लागणारी बिनवायरची, चार्जिंगची लाईट कशी निवडायची, हा विषय. व्हिडिओत वेळ कमी असतो, आणि त्यातली एक गोष्ट कॅमेऱ्यासमोर बोलायला मला जरा जड गेली. ती इथे लिहितो.

आधी एक स्पष्ट सांगतो. कोल्हापुरात माझं ऑटो टूल्स आणि स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. या लाईट मी विकतो. त्यामुळे माझं मत ऐकताना ‘हा दुकानदार आहे’ हे लक्षात ठेवा आणि खाली दिलेला हिशेब स्वतः करून बघा.

माझं मत असं आहे. छोट्या गॅरेजमध्ये लाईटवर पैसे वाचवायला जाणारा माणूस ते पैसे दुसऱ्या खिशातून घालवतो. आणि महाग लाईट घेणारेही बरेच जण चुकीच्या आकड्याकडे बघून घेतात. तो आकडा म्हणजे ल्युमेन.

काउंटरवर परत आलेली लाईट

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. आमचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये दोन गाड्यांचं गॅरेज. स्वतः मिस्त्री आणि हाताखाली एक पोरगा. माणूस वीस वर्षं याच कामात, हात चांगला. एका संध्याकाळी त्यांच्याकडे गाडी आली, तक्रार ‘कूलंट कमी होतंय’. मालकाला पहाटे कुटुंबासोबत कोकणात जायचं होतं. त्यात वीज गेलेली.

मिस्त्रींनी माझ्याकडून घेतलेली चार्जिंगची लाईट काढली. खोक्यावर छापलेलं : दहा हजार ल्युमेन. पोरगा लाईट धरून उभा, मिस्त्री वाकून बघतायत. पोरगा जिथे बघायचा तिथे लाईट जायची, मिस्त्रींना बघायचं असायचं दुसरीकडे. निळसर पांढरा उजेड, समोरच्या ॲल्युमिनियमवर आपटून डोळ्यात येणारा. पाच मिनिटांत तो उजेडही मंदावला. होज पाइप तपासले, क्लिप आवळल्या, कूलंट भरलं, गाडी दिली.

तिसऱ्या दिवशी कोकणातून परत येताना गगनबावड्याचा घाट चढताना गाडी गरम झाली. थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक हाऊसिंगच्या जोडावर बारीक चीर होती. तिथे गुलाबी कूलंट वाळून त्याचा डाग पडला होता. दिवसाउजेडी तो डाग स्पष्ट दिसला. त्या रात्री त्या निळसर उजेडात तो धुळीसारखा दिसला असणार. हेड गास्केट गेलं. हेड उतरवणं, फेसिंग, गास्केट, पुन्हा बसवणं. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही आणि पार्टचा अर्धा खर्च स्वतः सोसला. आठवड्याची कमाई गेली.

ते माझ्याकडेच आले, गास्केट सेट घ्यायला. सेट बांधून दिला तेव्हा त्यांनी पिशवीतून ती लाईट काढून काउंटरवर ठेवली. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, “दादा, ही लाईट तुम्ही स्वतः कधी वापरून बघितलीय काय?”

मी बघितली नव्हती. मी तो माल उचलला होता कारण दहा नगांवर दोन फ्री होते आणि मार्जिन चांगलं होतं. खोका आकर्षक होता. बीबीएला आम्हाला मार्केटिंगमध्ये शिकवलं होतं की गिऱ्हाईक फीचर बघून घेत नाही, त्याला होणारा फायदा बघून घेतं. आणि मी मात्र गिऱ्हाइकाला एक छापील आकडा विकला होता.

सगळा दोष लाईटचा नव्हता, हे मिस्त्री स्वतः म्हणाले. प्रेशर टेस्टर लावला असता तर लिकेज सापडलं असतं, आणि घाईत गाडी द्यायला नको होती. पण डाग दिसला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, हेही खरं. त्यानंतर महिनाभर मी वेगवेगळ्या लाईट घेऊन संध्याकाळी त्यांच्या शेडमध्ये जायचो. खाली जे लिहितोय ते तिथे शिकलेलं आहे.

दहा हजार ल्युमेनचा हिशेब

ल्युमेन म्हणजे लाईटमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. आता हा हिशेब वहीत लिहून ठेवा.

स्वस्त लाईटमध्ये बहुतेक वेळा १८६५० नावाचा एक सेल असतो. नावातच माप आहे : १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. समजा तो २००० एमएएचचा आहे. व्होल्टेज ३.७. म्हणजे २ गुणिले ३.७, साठवलेली वीज झाली ७.४ वॅट-अवर. चांगली एलईडी एका वॅटला साधारण १०० ल्युमेन देते असं धरा. म्हणजे तुमच्या लाईटच्या गल्ल्यात एकूण माल किती? एका तासासाठी ७४० ल्युमेन. तेवढाच.

आता हा गल्ला दहा हजार ल्युमेनने खर्च केला तर किती वेळ पुरेल? साडेचार मिनिटंसुद्धा नाही. आणि खोक्यावर लिहिलंय तसे सहा तास चालवायचे असतील तर उजेड पडेल सुमारे १२३ ल्युमेन. दोन्ही दावे एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत. बहुतेक वेळा दोन्ही खोटे असतात.

तसंच एमएएचचं. एका १८६५० सेलवर कुणी ९९०० एमएएच छापलं असेल तर तो माल तिथेच ठेवा. या मापाचे बहुतेक चांगले सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात. सेलवर खोटं छापणारा माणूस बाकी ठिकाणी खरं छापेल, असं मानायला जागा नाही.

मग बॉनेटखाली खरोखर किती लागतो? आमच्या अनुभवाने हाताच्या अंतरावर ३०० ते ५०० ल्युमेनचा पसरट उजेड भरपूर होतो. खोल जागेत डोकावायला दीडशे-दोनशेही चालतात, कारण तिथे लाईट जवळ नेता येते. अंतर निम्मं केलं की त्या जागेवर पडणारा उजेड जवळपास चौपट होतो. म्हणून जवळ टिकून राहणारी छोटी लाईट ही लांब धरलेल्या मोठ्या लाईटपेक्षा कामाची. जास्त झगझगीत लाईट जवळ आणली की चकचकीत धातूवरून उजेड डोळ्यात येतो, बाहुली बारीक होते आणि शेजारचा कोपरा आणखी काळा दिसतो.

पहिली गोष्ट : हात मोकळा राहिला पाहिजे

लाईट तोंडात धरणारे मिस्त्री मी बघितलेत. मोबाईल खांद्यात आणि कानात दाबून त्याच्या टॉर्चवर काम करणारेही बघितलेत. एकाचा मोबाईल इंजिनच्या खालच्या कव्हरमध्ये पडला, तो काढायला अर्धा तास गेला. आणि लाईट धरायला पोरगा उभा केला तर त्या पोराचं काम थांबतं. तुम्ही त्याला पगार देता तो शिकायला आणि हाताशी काम करायला. लाईटच्या स्टँडचं काम त्याच्याकडून करून घेणं सगळ्यात महाग पडतं.

म्हणून लाईट घेताना पहिल्यांदा तिला उलटी करा. बुडाला मॅग्नेट आहे का? पाठीमागे आहे का? हूक आहे का, आणि तो गोल फिरतो का? डोकं वाकतं का, आणि वाकवलेल्या जागी घट्ट राहतं का? दुकानातल्या लोखंडी रॅकला आडवी चिकटवा, हाताने रॅक ठोका. घसरली तर गाडीवरही घसरणार.

नुसत्या मॅग्नेटवर जाऊ नका. हल्लीच्या गाडीत बॉनेट उघडलं की वर प्लास्टिकचं कव्हर, खाली ॲल्युमिनियमचं हेड. मॅग्नेट यातल्या कशालाच चिकटत नाही. काही गाड्यांचं बॉनेटही ॲल्युमिनियमचं असतं. तिथे हूकच उपयोगी पडतो. मॅग्नेटवर रबराची टोपी असेल तर उत्तम, गिऱ्हाइकाच्या गाडीच्या रंगावर ओरखडा येत नाही. मॅग्नेटला लोखंडाचा कीस चिकटतो, तो रोज पुसा. तो कीसच रंग खराब करतो.

दुसरी गोष्ट : रंग खरा दिसला पाहिजे

आमच्याकडे ही गोष्ट काउंटरवर कुणी विचारतच नाही, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी आहे.

मिस्त्री निदान कशावरून करतो? अर्ध्याहून जास्त वेळा रंगावरून. खाली पडलेला थेंब तपकिरी-काळा असेल तर इंजिन ऑइल. लालसर असेल तर गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल असू शकतं. हिरवा, गुलाबी, नारिंगी असेल तर कूलंट. फिकट पिवळट असेल तर ब्रेक ऑइलचा संशय. वायरिंगमध्ये तर लाल, तपकिरी आणि नारिंगी वायर शेजारी शेजारी. चुकीच्या उजेडात या तिन्ही सारख्याच दिसतात.

यासाठी एक माप आहे, सीआरआय. शंभरपैकी मार्क समजा. सूर्यप्रकाश किंवा जुना पिवळा बल्ब म्हणजे १००. साधी एलईडी सत्तर-ऐंशीमध्ये असते. ९० किंवा वर असेल तर वायरीचा रंग ओळखताना फसायला होत नाही. दुसरा आकडा केल्विनचा. ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा. ४००० ते ५००० म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या जवळचा, डोळ्याला सोसणारा. गिऱ्हाइकाला निळसर उजेड ‘पॉवरफुल’ वाटतो, म्हणून स्वस्त लाईटमध्ये तोच असतो.

खोक्यावर सीआरआय लिहिलेला नसेल तर सोपी परीक्षा करा. खिशात लाल, तपकिरी आणि नारिंगी वायरीचे तीन तुकडे घेऊन दुकानात जा. काउंटरखालच्या अंधारात धरा आणि लाईट लावा. तिन्ही वेगळ्या ओळखू आल्या तर पुढे बोला. मी आता माझ्या काउंटरवर असे तीन तुकडे दोऱ्याला बांधून ठेवलेत.

आणखी एक परीक्षा मोबाईलची. लाईट मंद मोडवर लावा आणि कॅमेऱ्याच्या स्लो मोशनमध्ये बघा. पडद्यावर पट्टे पळताना दिसले किंवा उजेड लपलप करताना दिसला तर लाईट भराभर चालू-बंद होतेय. डोळ्याला ते कळत नाही, पण डोकं दुखतं. आणि यापेक्षा धोक्याचं म्हणजे, अशा उजेडात फिरणारा फॅन किंवा बेल्ट थांबल्यासारखा किंवा हळू फिरतोय असा भास होऊ शकतो. तिथे हात गेला तर काय होईल ते मी लिहायची गरज नाही.

तिसरी गोष्ट : किती वेळ, आणि कसा उतरतो

रनटाइम विचारताना ‘कुठल्या मोडवर?’ हा प्रश्न जोडायचाच. खोक्यावरचे ल्युमेन जास्तीत जास्त मोडचे असतात आणि तास कमीत कमी मोडचे. दोन्ही शेजारी शेजारी छापलेले, जणू एकत्रच मिळणार आहेत.

चांगल्या लाईटमध्येही फुल मोडवर काही मिनिटांनी उजेड आपोआप कमी होतो, कारण एलईडी तापते. त्यात फसवणूक नाही, कंपनी ते लिहून देत असेल तर. आपल्याला हवा असतो मधला मोड, जो तीन-चार तास एकसारखा चालेल. घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी पूर्ण चार्ज करून मधल्या मोडवर लावा आणि वेळ लिहून ठेवा. दाव्यापेक्षा फारच कमी निघाली तर बिल घेऊन दुसऱ्या दिवशी दुकानात. दुकानदार ओळखीचा असला तरी जा. मी दुकानदार म्हणून सांगतोय.

बॅटरी किती उरली हे दाखवणारे तीन-चार ठिपके असावेत. हेड उघडलेलं असताना अचानक अंधार झाला की वॉशर कुठे पडला ते सापडत नाही.

चौथी गोष्ट : बॅटरी आणि चार्जिंग

सेल बदलता येतो का, हे विचारा. बॅटरी हा संपणारा भाग आहे. एलईडी वर्षानुवर्षं चालते, बॅटरी आधी थकते. सेल आतमध्ये चिकटवून टाकला असेल तर बॅटरी गेली की लाईट भंगारात.

चार्जिंग पॉइंट टाइप-सी असला तर बरं, गॅरेजमध्ये ती केबल कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलची असतेच. पण एक खोच आहे. काही स्वस्त लाईट दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत, फक्त जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलवर होतात. गिऱ्हाईक म्हणतं लाईट बिघडली. बिघडलेली नसते, कंपनीने आत दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात. घेताना दोन्ही केबल लावून बघा.

तुमच्याकडे आधीच १८ व्होल्टचा कॉर्डलेस इम्पॅक्ट किंवा ड्रिल असेल, तर त्याच कंपनीची बिनबॅटरीची लाईट मिळते का बघा. बॉश, मकिता, डिवॉल्ट अशा कंपन्या त्यांच्याच बॅटरीवर चालणाऱ्या लाईट बनवतात. बॅटरी आणि चार्जर दोन्ही वाचतात. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या लाईटला बसत नाही, एवढं लक्षात ठेवा. या लाईट जरा मोठ्या असतात, खोल जागेत जात नाहीत, पण शेड उजळायला छान.

लिथियम बॅटरीला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. आयएस १६०४६ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी नंबर शोधा. खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष नसेल तर तक्रार कुणाकडे करणार? असा माल मी आता दुकानात घेत नाही.

पाचवी गोष्ट : शरीर

गॅरेजमध्ये लाईट पडणारच. आयपीचा आकडा धूळ-पाण्याचा असतो : आयपी ५४ म्हणजे धूळ आणि शिंतोडे सोसेल, ६५ म्हणजे पाण्याची धारही सोसेल. आयके हा आकडा माराचा असतो : आयके ०७ किंवा ०८ असेल तर कमरेच्या उंचीवरून पडण्याला घाबरायचं कारण नाही. काच पॉलिकार्बोनेटची असते. तिच्यावर पेट्रोल किंवा ब्रेक क्लीनर मारू नका, ती तडकते आणि धुरकट होते. साबणाच्या पाण्याचं फडकं पुरतं.

मग पहिली खरेदी कुठली?

पहिलं म्हणजे शेडमधल्या ट्यूब बघा. दोन बंद आणि एक लुकलुकतेय, आणि आपण हातातली लाईट शोधतोय, असं असेल तर आधी छत नीट करा. ते सगळ्यात स्वस्त.

त्यानंतर एकट्या मिस्त्रीने एक घडीची, सडपातळ, मॅग्नेट आणि हूक दोन्ही असलेली ३०० ते ५०० ल्युमेनची लाईट घ्यावी. जोडीला डोक्याला लावायची एक हलकी लाईट. मान वळेल तिकडे उजेड जातो, खोल बोल्ट शोधायला याला तोड नाही. तिसऱ्या नंबरला बॉनेटखाली आडवा बसणारा लांब बार. तो दोन्ही बाजूंच्या कडांना हुकाने अडकतो आणि साधारण चार ते साडेपाच फूट ताणला जातो. सावली फार कमी पडते. पण दिवसाला एकदोनच मोठी कामं असतील तर त्याची घाई करू नका. एसीचं काम करत असाल आणि लिकेजसाठी रंग टाकत असाल तर यूव्ही असलेली लाईट बघा, नाहीतर तेवढ्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

आता पैशाचा हिशेब

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घालून बघा. स्वस्त लाईट ६५० रुपये, चांगली २४०० रुपये. फरक १७५० रुपयांचा.

चांगल्या लाईटमुळे दिवसाला दहा मिनिटं वाचली असं धरा : पडलेला नट शोधणं, पोराला ‘इकडे धर, तिकडे धर’ सांगणं, चार्जिंग संपली म्हणून थांबणं. महिन्याचे २५ दिवस म्हणजे २५० मिनिटं, चार तासांच्या वर. तुमच्या गॅरेजचा एक तास २५० रुपयांचा असेल तर महिन्याला हजार रुपये. दोन महिन्यांच्या आत फरक वसूल. ६५० वाली वर्षात तीनदा घ्यायला लागली, आणि माझ्या काउंटरवर तसंच होताना दिसायचं, तर १९५० रुपये असेही गेले.

कंप्लेंटमध्ये परत आलेली गाडी या हिशेबात धरलेलीच नाही. ती धरायला गेलं तर वर सांगितलेल्या एका हेड गास्केटमध्ये किती लाईट आल्या असत्या ते तुम्हीच मोजा. आणि त्या गाडीच्या मालकाने चार जणांना काय सांगितलं असेल, ते कुठल्याच वहीत येत नाही.

बिल पक्कं घ्या. वॉरंटीसाठी लागतं, आणि तुम्ही नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असाल तर इनपुट क्रेडिट मिळतं. कंपोझिशनमध्ये असाल तर ते मिळत नाही, मग किंमत पूर्ण धरूनच हिशेब करा.

जीवाच्या चार गोष्टी

एक. २३० व्होल्टचा, जाळीत बल्ब असलेला हातदिवा अजून अनेक शेडमध्ये आहे. ओली फरशी, सोललेली वायर आणि पेट्रोलची वाफ यांच्याजवळ तो नको. कारखाने अधिनियम, १९४८ या कायद्यातच टाकी, खड्डा, पाइप अशा बंदिस्त जागेत पुरेशा सुरक्षेशिवाय २४ व्होल्टच्या वरच्या हातदिव्याला मनाई होती. आपलं गॅरेज त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नसलं तरी गाडीखालच्या खड्ड्यात करंट तसाच लागतो. आणि साधी चार्जिंगची लाईटसुद्धा पेट्रोल सांडलेल्या जागी चालू-बंद करू नका.

दोन. लाईट रेडिएटर फॅनच्या वर लटकवू नका. बऱ्याच गाड्यांत चावी बंद असली तरी फॅन अचानक चालू होतो.

तीन. गाडीच्या बॅटरीच्या दोन टर्मिनलच्या आसपास मॅग्नेटवाली किंवा धातूचा हूक असलेली लाईट ठेवू नका. गरम सायलेन्सरच्या पाइपजवळही नको. साध्या ग्रेडचं निओडिमियम मॅग्नेट ८० अंशांच्या वर कमजोर व्हायला लागतं, आणि गरम इंजिनमधलं कूलंटच ९० च्या आसपास असतं.

चार. लाईट तापलेली असताना लगेच चार्जिंगला लावू नका. लिथियम बॅटरी साधारण शून्य ते ४५ अंशांत चार्ज करायची असते. चार्जिंगची जागा ठरवा, तिथे तेलकट फडकी नकोत. आणि प्रत्येक लाईटवर रंगाने नाव टाका. जी सगळ्यांची असते ती कुणीच चार्ज करत नाही.

माझ्यासारख्या दुकानदारांसाठी

तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईक स्वस्तच मागतं. बरोबर आहे. मीही स्वस्त लाईट पूर्ण बंद केलेली नाही. कारची डिकी, घर, शेतावर रात्री पंप चालू करायला जाणं, यासाठी ती चालते आणि तसं सांगूनच मी ती देतो. पण गॅरेजवाला आला की दोन्ही लाईट काउंटरखालच्या अंधारात, त्या तीन वायरींवर लावून दाखवतो आणि गप्प बसतो. काही जण तरीही स्वस्त नेतात. पैसे त्यांचे, अडचण त्यांची, मी ओढून विकत नाही. पण दहा हजार ल्युमेनचा खोका मी आता कुणालाच ‘भारी आहे’ म्हणून देत नाही. नवीन लाईट आली की आधी आठवडाभर मिस्त्रींच्या शेडमध्ये जाते. ते ‘ठेवा’ म्हणाले तर ऑर्डर, नाहीतर सॅम्पल परत. मार्जिन एका नगावर थोडं कमी झालंय. रिटर्न घेऊन भांडत बसण्यात जाणारा वेळ मात्र बराच कमी झालाय.

मिस्त्रींना मी त्या वेळी जुन्या लाईटचे पैसे परत दिले. त्यांनी घेतले, आणि त्यात भर घालून नवीन लाईट नेली. गेल्या महिन्यात त्यांच्या शेडमध्ये गेलो होतो. लाईट बॉनेटला अडकवलेली, आणि पोरगा दुसऱ्या गाडीखाली स्वतः ऑइल फिल्टर बदलत होता.

तुमच्या गॅरेजमध्ये आज संध्याकाळी एवढंच करा. लाईट पूर्ण चार्ज करा, कामाच्या मोडवर लावा, सुरू केल्याची वेळ लिहा आणि बंद पडल्याची वेळ लिहा. शेजारी खोक्यावरचा आकडा लिहा. पुढची लाईट घ्यायला जाताना तो कागद सोबत न्या, दुकानदार मी असलो तरी.

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय आहे : उधारीवर माल देताना वहीत काय काय लिहायचं. तोपर्यंत काम नीट, हिशेब चोख.